६० किलोवॅटच्या चार्जरवर गाडी २८ नेच का भरते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. तुम्ही कांदिवलीला राहता, सोसायटीत अजून चार्जर नाही, गाडी चार महिन्यांची आणि बॅटरी ४५ युनिटची. मॉलच्या तळघरातल्या ६० किलोवॅटच्या मशिनवर गाडी २८ किलोवॅटच्या वर गेलीच नाही. १५ टक्क्यांवरून १०० व्हायला एक तास चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या ठिकाणी अॅपवर मशिन हिरवं, म्हणजे मोकळं, दिसत होतं, पण तीनदा गन (केबलचं गाडीत लावायचं टोक) लावूनही चार्जिंग सुरू झालं नाही आणि वॉलेटमधून ३०० रुपये मात्र गेले. तिसऱ्या वेळी भर पावसात गन गाडीतच अडकली. आणि तुम्ही विचारताय की गाडीत दोष आहे का, आणि गणपतीला कराडला हीच गाडी न्यावी की नको.

मी चार्जर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम गेली सात वर्षं मुंबई-ठाण्यात करतोय आणि २०२१ पासून स्वतः इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमची गाडी मला ठीक वाटते. खात्री करायची तर ती एकदा दुसऱ्या मशिनवर, शेजारची गन रिकामी असताना लावून बघावी लागेल. काय बघायचं ते पुढे सांगतो.

पाटीवरचा ६० हा आकडा अख्ख्या मशिनचा आहे, तुमच्या हातातल्या गनचा नाही. तुमच्यासारख्या गाड्यांच्या बॅटरीचा दाब चार्ज होताना ३३० व्होल्टच्या आसपास असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्या हिशेबाने ४५ किलोवॅट मिळायला केबलमधून १३६ अँपिअर यायला हवेत, आणि २८ किलोवॅट म्हणजे ८५ अँपिअर. तुम्ही जाता जाता लिहिलंय की शेजारच्या गनला एक टॅक्सी लागलेली होती. माझ्या मते उत्तर तिथेच आहे. दोन गनचं ६० चं मशिन दोन्हीकडे गाड्या लागल्या की ३०-३० वाटून देतं, आणि त्या ३० मधले तुम्हाला २८ मिळाले. टॅक्सी निघून गेल्यावर काही मशिनं मोकळी झालेली ताकद आपोआप तुमच्याकडे वळवतात, काही वळवत नाहीत. न वळवणाऱ्या मशिनवर चार्जिंग थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. शेजारची गाडी गेली आणि दोन-तीन मिनिटांत तुमचा आकडा वाढला नाही, तर हे जरूर करून बघा.

शेजारी कोणी नसतानाही आकडा कमी येत असेल तर कारण मशिनच्या पोटात असू शकतं. डीसी चार्जरच्या, म्हणजे मॉलमधल्यासारख्या वेगवान चार्जरच्या, आत एकच मोठा यंत्रभाग नसतो. १५, २० किंवा ३० किलोवॅटची मॉड्यूल एकाला एक जोडलेली असतात. त्यातलं एक बंद पडलं तरी उरलेल्यांवर मशिन चालू राहतं आणि अॅपवर हिरवंच दिसतं. मागच्या उन्हाळ्यात उपनगरातल्या एका तळघरात ‘मशिन हळू चालतंय’ अशी तक्रार आली म्हणून गेलो होतो. मागचं दार उघडलं तर हवा आत घेणाऱ्या जाळीवर धुळीचा थर इतका जाड बसला होता की तो बोटाने सोलून निघाला, गोधडीतल्या कापसासारखा. बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू, वर इमारतीचं बांधकाम, आणि तळघरात वाऱ्याचा पत्ता नाही. आतली मॉड्यूल तापत होती आणि स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करत होती. जाळी धुऊन, वाळवून परत बसवली आणि पंधरा मिनिटांत तेच मशिन पूर्ण ताकदीने चालायला लागलं. कुठलाही सुटा भाग लागला नाही. मुंबईत ही जाळी महिन्याला साफ व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण कंत्राटात तिमाही लिहिलेली असली की ती तिमाहीच होते, आणि त्याचा भुर्दंड तुम्ही वेळेच्या रूपाने भरता.

मग दोष गाडीचा की मशिनचा, हे उभ्या उभ्या कसं ओळखायचं? किती करंट हवा हे गाडी ठरवते. गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, जिला आम्ही बीएमएस म्हणतो, ती सतत मशिनला सांगत असते की मला आत्ता एवढे अँपिअर दे. मशिन तेवढे देतं, किंवा जमत नसेल तर कमी देतं. जास्त कधीच देत नाही. बऱ्याच मशिनच्या पडद्यावर मागितलेला करंट आणि दिलेला करंट असे दोन्ही आकडे असतात. कधी ते मुख्य पानावर नसतात, ‘तपशील’च्या बटणामागे असतात. गाडीने १४० मागितले आणि मशिनने ८५ दिले, तर अडचण मशिनकडे. गाडीनेच ८५ मागितले आणि तेवढेच मिळाले, तर मशिन निर्दोष आहे. गाडी तापलेली असेल किंवा बॅटरी बरीच भरलेली असेल. पुढच्या वेळी या पडद्याचा फोटो काढा. सर्व्हिस सेंटरवाल्यांशी वाद घालायची वेळ आली तर हा एक फोटो तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गाडीने कमी मागण्याची कारणं मुंबईत दोन. मे महिन्यात हायवेवर शंभरच्या वेगाने तास-दीड तास आलात आणि लगेच गन लावली, तर बॅटरी आधीच गरम असते आणि बीएमएस हात आखडता घेते. दहा मिनिटं सावलीत उभी केली तर फरक पडतो, पण तो गाडीगणिक वेगळा असतो. दुसरं कारण सगळ्यांना लागू आहे: ८० टक्क्यांनंतरचा टप्पा. सेल भरत आला की त्याचा दाब वरच्या मर्यादेला टेकतो. ती मर्यादा ओलांडली तर सेल खराब होतो, म्हणून गाडी करंट उतरवत नेते.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. १५ वरून ८० टक्के म्हणजे २९ युनिट. २८ किलोवॅटने त्याला तासाभरापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागली असणार. उरलेल्या ९ युनिटना लागली जवळपास ३७ मिनिटं. तीच गाडी एकट्या गनवर सरासरी ४५ ने भरली असती आणि तुम्ही ८० ला निघाला असता, तर ४० मिनिटांत मोकळे झाला असता. त्या शेवटच्या ३७ मिनिटांत तुमच्या मागे कोणी रांगेत असेल तर त्याचाही वेळ गेला. बाहेरच्या डीसी चार्जरवर ८० ला गन काढायची सवय लावून घ्या. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपन्या ती अधूनमधून १०० पर्यंत भरायला सांगतात, कारण नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो. पण ते काम एसी पॉइंटवर, म्हणजे मंद चार्जिंगच्या जागी, सावकाश करा.

आता हिरव्या दिव्याबद्दल, कारण माझ्या मते लोकांचा सगळ्यात जास्त वेळ याच्यापायी जातो. अॅपवरचं हिरवं एवढंच सांगतं की मशिनमधलं सिम सर्व्हरशी बोलतंय आणि गन कुठल्या गाडीत लावलेली नाही. गनची पिन झिजली आहे, केबल आतून तुटली आहे, समोर पेट्रोलची गाडी उभी आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दिव्याकडे न बघता त्या मशिनवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. काही अॅपमध्ये ते दिसतं, नाहीतर लोकांच्या ताज्या नोंदी असतात. आज सकाळी कोणाची तरी गाडी तिथे भरली असेल तर बिनधास्त जा. चार दिवसांत एकही नोंद नसेल तर मी स्वतः जात नाही.

तिथे पोचल्यावर चार्जिंग सुरू होत नसेल तर आधी मशिनवरचं लाल गोल बटण बघा. ते आणीबाणीचं बटण आहे. मुलं खेळता खेळता दाबतात, सुरक्षारक्षकाची खुर्ची लागून दाबलं जातं, आणि एकदा दाबलं की ते आतच अडकून राहतं. जळका वास, धूर किंवा वितळलेलं प्लास्टिक काही नाही याची नीट खात्री करा, रक्षकाला विचारा, आणि मग ते बटण बाणाच्या दिशेने फिरवा. टक्कन बाहेर येतं आणि मशिन दोन मिनिटांत उठतं. या एका कामासाठी मी ठाण्याहून दक्षिण मुंबईपर्यंत गेलो आहे.

दुसरं कारण केबलचं वजन. गन गाडीत बसवली की जड केबल तिला खाली ओढते, आणि वरच्या लहान पिना, ज्यांच्यातून गाडी आणि मशिन एकमेकांशी बोलतात, त्या अर्धवट टेकतात. गन पूर्ण आत ढकला, खालून हात देऊन थोडी वर उचलून धरा आणि गाडीने लॉक केल्याचा आवाज येईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, सोडू नका. तीन प्रयत्नांत न सुरू झालेल्या गाड्या मी निव्वळ या युक्तीने सुरू करून दिल्या आहेत.

पावसाळ्यात तिसरं कारण जोडीला येतं. करंट सोडण्याआधी मशिन केबलमध्ये दाब देऊन तो कुठे जमिनीकडे झिरपत नाही ना, याची चाचणी घेतं. कोणी गन खाली टाकून गेला असेल आणि तिच्या तोंडात पाणी शिरलं असेल तर ही चाचणी नापास होते आणि मशिन नकार देतं. ते नकार देतं हे चांगलंच आहे, तुमच्या जिवासाठीच ती व्यवस्था आहे. अशी गन रुमालाने पुसून पुन्हा पुन्हा लावत बसू नका, दुसरी घ्या. गन आणि गाडीचं सॉकेट आतून कोरडं असेल तर वरून पाऊस पडत असताना चार्ज करायला हरकत नाही. गन लॉक झाल्याशिवाय त्या मोठ्या पिनांत वीज येत नाही, आणि सगळ्या चाचण्या पार पडल्याशिवाय चार्जिंगचा करंट सुटत नाही.

तुमचे ३०० रुपये. बहुतेक वेळा ही रक्कम अडवून ठेवलेली असते आणि न झालेलं चार्जिंग सर्व्हरवर बंद झालं की वॉलेटमध्ये परत येते. तळघरात मोबाइलची रेंज नसते, त्यामुळे ‘चार्जिंग संपलं’ हा निरोप मशिन स्वतःजवळ ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. तोवर अॅप चार्जिंग चालूच असल्याचं दाखवत राहतं. दोन-तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर व्यवहार क्रमांक, मशिनवर चिकटवलेला आयडी आणि पडद्यावरचा एरर कोड, या तीन गोष्टी लिहून कंपनीला मेल करा. नुसतं ‘चार्जिंग झालं नाही’ असं लिहिलेली तक्रार पुढे सरकत नाही. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. आणि ज्या कंपनीची मशिनं तुम्ही नेहमी वापरता तिचं आरएफआयडी कार्ड (मशिनला टेकवून चार्जिंग सुरू करायचं कार्ड) मिळत असेल तर घेऊन ठेवा. तळघरात तुमच्या फोनला रेंज नसली तरी कार्डाने बहुतेक वेळा काम होतं. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो तो वेगळा, आणि मशिनचे युनिट बॅटरीत गेलेल्या युनिटपेक्षा थोडे जास्त दिसतात. तुम्ही एसी लावून आत बसला असाल तर दीड तासात दोन युनिट सहज त्यातच जातात. ती फसवणूक नाही.

अडकलेली गन. लॉक गाडीत असतं, मशिनमध्ये नाही, त्यामुळे मशिनशी झटापट करून काही मिळत नाही. आधी अॅपवरून किंवा मशिनवरून चार्जिंग थांबवा आणि करंट शून्य झालेला बघा. मग गन बाहेर ओढण्याऐवजी आत दाबून धरा, आणि तशीच दाबलेली असताना चावीने गाडी अनलॉक करा. ओढल्यामुळे लॉकच्या खिळीवर ताण येतो आणि ती मागे सरकू शकत नाही. आत दाबलं की ताण सुटतो. दोनदा-तीनदा करून बघा. तरीही सुटली नाही तर बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने ओढायची एक दोरी किंवा कडी असते. ती नेमकी कुठे आहे हे आजच, उजेडात, मॅन्युअल घेऊन शोधून ठेवा. रात्री अकराला पावसात मोबाइलच्या टॉर्चवर शोधायची वेळ येऊ नये.

सोसायटीबद्दल थोडं. तुम्ही रोज ४० किलोमीटर चालवत असाल तर रोजची गरज सहा युनिटची आहे. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर, ३.३ किलोवॅटने, ते दोन तासांत भरतं. कमिटीला वाटतं की इलेक्ट्रिक गाडी म्हणजे अख्ख्या इमारतीचा लोड कोसळणार. त्यांना सांगा की हा भार एक गीझर आणि एक एसी एकत्र चालवण्याएवढा आहे. तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं, म्हणजे सोसायटीच्या बिलाशी संबंधच राहत नाही. परवानगी मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा-दोनदा बाहेर भरून गाडी ठेवता येईल, पण तो खर्च घरच्यापेक्षा बराच जास्त पडेल आणि वेळही जाईल. बाहेर जाल तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या वेळा टाळा. माझ्या पाहण्यात दुपारी जेवणाच्या सुमारास आणि रात्री पाळी बदलताना सगळ्यात मोठ्या रांगा लागतात. सकाळी सात ते नऊ बहुतेक मशिनं रिकामी असतात. त्या लोकांवर चिडू नका, त्यांचा दिवसाचा धंदा त्या गनवर अवलंबून असतो.

आणि कराड. गाडी खुशाल न्या. कांदिवलीपासून अंतर ३२० किलोमीटरच्या आसपास. हायवेला तुमची गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर देईल असं धरू, तुम्ही ताशी ८०-९० ठेवली तर. बोरघाट चढताना गाडी जवळपास ६०० मीटर वर जाते, त्यासाठी वेगळे तीन युनिट धरा; चढताना टक्के भराभर उतरले तर घाबरू नका. आदल्या संध्याकाळी मॉलमधल्या एसी पॉइंटवर १०० पर्यंत भरा आणि पहाटे निघा. एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर थांबू नका. सणाच्या दिवसांत तिथे रांग असते आणि तेव्हा तुमच्याकडे भरपूर चार्ज असतो. पुणे ओलांडून खेड शिवापूरच्या आसपास, म्हणजे १८० किलोमीटरवर, तुमच्याकडे ३० टक्क्यांच्या थोडं वर उरलेले असतील. तिथे ८० पर्यंत भरा, ४० मिनिटांत नाश्ता होतो. पुढचे १४० किलोमीटर खंबाटकी धरूनही आरामात होतात आणि कराडला २५-३० टक्के घेऊन पोचाल. थांबायची जागा मात्र नीट निवडा: जिथे किमान दोन वेगळी मशिनं आहेत, एकाच मशिनच्या दोन गन नव्हेत, आणि जिथून २० किलोमीटरच्या आत दुसरं स्टेशन आहे. ३० टक्के हातात असताना थांबायचं ते यासाठीच. पहिलं मशिन बंद निघालं तर तुम्ही पुढे जाऊ शकता. १० टक्क्यांवर पोचलात तर त्या एका मशिनच्या भरवशावर राहावं लागतं. पाऊस, ट्रॅफिक, चार माणसं आणि सामान यांनी हे आकडे खाली येतील, म्हणून पुण्यात पोचल्यावर हिशेब पुन्हा मांडा.

एक विनंती आहे. बंद मशिन दिसलं तर दोन मिनिटं काढून आयडी आणि कोडसकट तक्रार नोंदवा. गेल्या वर्षी मी एका मशिनची नोंदवही तपासली, तर अकरा दिवस ते हिरवं होतं आणि त्या काळात चाळीसहून जास्त लोकांनी प्रयत्न करून सोडून दिला होता. तक्रार एकही नव्हती, म्हणून आमच्याकडे कामाची पावतीच निघाली नाही. बिघाड एका सैल झालेल्या वायरचा होता, दहा मिनिटांचं काम.

कराडहून परत आलात की खेड शिवापूरला गाडीने किती अँपिअर मागितले आणि मशिनने किती दिले, ते दोन्ही आकडे इथे लिहा. शेजारी गाडी नसताना गाडीनेच ५० टक्क्यांच्या खाली शंभरपेक्षा कमी मागितले असतील, तर मात्र तो फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जायला हवं, आणि तिथे काय तपासायला सांगायचं ते मी सांगेन.